चेनला तेल, रिमला नाही

त्या काळात माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात होती. इन्फन्ट्री बटालियन, हुद्दा हवालदार, काम एमटीत. एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट. गाड्या चालू ठेवणं आणि गाड्या चालू आहेत असं दाखवणं, अशी दोन कामं आमच्याकडे असत. दुसऱ्याला वेळ जास्त लागे.

जागेचं नाव लिहीत नाही. लिहायची परवानगी आहे का हे विचारायला अर्ज करावा लागेल आणि उत्तर येईपर्यंत ही स्मरणिका रद्दीत गेलेली असेल.

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या सायकल मंडळाने स्मरणिकेसाठी मला विषय दिला आहे: सायकलची चेन आणि फिरते भाग, कोणतं तेल, किती, कसं. निवृत्त मेकॅनिक हाताशी असला की असे विषय त्याच्याकडे येतात. मी त्याबद्दलच लिहितो आहे. फक्त मला सायकलच्या तेलाबद्दल जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं लान्स नाईक सुधाकर पराते याच्यामुळे ठाऊक आहे. त्याच्या नावाने मंडळ राइड काढतंय. त्या राइडच्या पत्रकावर त्याच्या फोटोखाली एक ओळ छापायचं ठरलं होतं: 'वेग आवरा, जीव सावरा.' तो वेगात होता का, हे मी पाहिलेलं आहे. तेही इथेच लिहितो.

पराते नागपूरचा, जुन्या विणकर वस्तीतला. वडिलांचा हातमाग बंद पडला आणि ते एका कापडाच्या दुकानात नोकरीला लागले. भरती होण्याआधी सुधाकर गांधीबागेत सायकलवरून कापडाचे गठ्ठे पोचवायचा. त्या बाजारात भरलेली सायकल चालवलेल्या माणसाला पुढे जगात कुठेही सायकल चालवता येते. मी जवळच्याच सावनेरचा, कोळशाच्या खाणींकडचा. हजार माणसांच्या बटालियनमध्ये आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच होतो, त्यामुळे तो संध्याकाळी एमटीत येऊन बसे.

बटालियनचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस, जवळ आला आणि सायकल एक्स्पिडिशन काढायचं ठरलं. वरच्या ठाण्यापासून खाली सपाटीच्या गावापर्यंत, आठ जवान, प्रमुख एक कॅप्टन साहेब. खोक्यांतून गिअरच्या आठ सायकली आल्या. हलक्या, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमच्या. ब्रेक रिमवर दाबणारे, रबराच्या पॅडचे. फ्लॅग-ऑफची रिहर्सल तीन वेळा झाली. सायकल चालवण्याची रिहर्सल मधल्या वेळात झाली.

सायकली माझ्या ताब्यात होत्या. पहिलाच प्रश्न चेनच्या तेलाचा. आठ जणांची आठ मतं होती. कोणी ग्रीस म्हणाला, कोणी इंजिन ऑइल, कोणी रायफलचं तेल. परातेने आपली खोबरेल तेलाची बाटली आणली.

"हे लावा उस्ताद. चेनले बी अन् डोक्याले बी."

"बाटली उलटी कर," मी म्हणालो.

त्याने उलटी केली. आत तेल थिजून पांढरं झालं होतं. थेंब पडला नाही.

"इथल्या थंडीत तुझी चेन अशी होईल."

"माझं डोकं बी असंच झालं आहे," तो म्हणाला आणि बाटली स्टोव्हजवळ ठेवायला घेऊन गेला.

आता मंडळाच्या कामाचं लिहितो.

चेन बाहेरून झिजत नाही, आतून झिजते. प्रत्येक कडीत एक पिन असते, पिनवर रोलर फिरतो. तेल लागतं ते पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेर दिसणारं तेल काहीही काम करत नाही, फक्त धूळ गोळा करतं. धूळ आणि तेल मिळून जो काळा लेप होतो, तो कानशीसारखा चेन खातो. ज्याची चेन चकचकीत ओली दिसते त्याची चेन जास्त दिवस टिकत नाही.

ग्रीस चेनच्या आत जात नाही, बाहेर बसतं. ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये: हबमध्ये, पायडलच्या मधल्या एक्सलमध्ये, हँडलच्या कपात. इंजिन ऑइल आत जातं, पण सगळीकडे पसरतं आणि माती धरतं. गंज सोडवायचा जो स्प्रे मिळतो तो गंज सोडवण्यासाठी आहे. चेनवर मारला तर असलेलं तेलही धुऊन नेतो. त्या स्प्रेवर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. वर्षभराने ते स्वतःच नवी चेन विचारायला येतात.

नागपुरात मार्चपासून पाऊस लागेपर्यंत कोरडं चेन ल्यूब वापरा, म्हणजे मेणाचं वंगण. त्याला धूळ कमी चिकटते. पावसाळ्यात ओलं ल्यूब, थोडं जाड, पाण्याने लवकर न धुतलं जाणारं. दोन्ही मिळत नसतील तर शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते पातळ असतं, दर आठवड्याला घालावं लागतं. खोबरेल तेल इथे थिजणार नाही, पण चिकट होऊन बसेल. ते डोक्यालाच ठेवा.

पद्धत अशी. आधी चेन फडक्याने पुसा, फार मळली असेल तर रॉकेलने धुऊन वाळू द्या. मग चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब. पायडल उलटं फिरवत राहा म्हणजे तेल आत उतरेल. रात्रभर सायकल तशीच ठेवा. सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरचं तेल पुसून काढा, सगळं. हे शेवटचं काम लोक करत नाहीत, कारण पुसून काढायला मन होत नाही. घातलेलं तेल वाया गेलं असं वाटतं.

हेच मी त्या आठ जणांना शिकवलं. डोंगरात धुकं आणि ओल, म्हणून खालच्या बाजारातून ओलं चेन ल्यूब मागवलं. पराते एकेका कडीवर थेंब सोडत होता.

"एवढी नजाकत उस्ताद? आमच्या गांधीबागेत त बाटली उलटी करत."

"म्हणूनच तुमच्या पायजम्याच्या उजव्या पायाला काळा पट्टा असे."

"काहून गा उस्ताद. सावनेरचे लोक कोळशात राहता, अन् आमच्या पट्ट्यावर बोलता?"

मी त्याला चेन पुन्हा पुसायला लावली.

आता त्या सकाळचं. त्याआधी एक रिवाज सांगावा लागेल. आमच्या एमटीत एक मिश्रण असे. डिझेल आणि इंजिनातून काढलेलं जुनं तेल, बादलीत एकत्र केलेलं. इन्स्पेक्शन असलं की फटीग पार्टी, म्हणजे साफसफाईला लावलेले जवान, चिंध्या घेऊन येई आणि ट्रकचे टायर, मडगार्ड, बंपर त्या मिश्रणाने पुसून काढी. जुनी गाडी काळीभोर, नवीकोरी दिसे. दुपारपर्यंत तिच्यावर धूळ बसे, पण तोवर साहेब गेलेले असत. हा रिवाज कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. मी मॅन्युअलं वाचलेली आहेत. युनिटची लायब्ररी इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी उघडे, त्या दिवशी मी वाचत असे. ट्रकला या मिश्रणाने काही होत नाही. ट्रकचा ब्रेक ड्रमच्या आत असतो.

फ्लॅग-ऑफच्या सकाळी मला पेट्रोल पॉइंटला पाठवलं होतं, मागे चालणाऱ्या गाडीसाठी जेरीकॅन भरून आणायला. त्या वेळात सुभेदार मेजर साहेबांनी सायकली पाहिल्या. ते कडक आणि सरळ माणूस होते. बत्तीस ट्रकांची इन्स्पेक्शनं त्यांनी पार पाडली होती.

"सायकलें मुर्दा लग रही हैं," ते म्हणाले. "चमकाओ."

फटीग पार्टीला जे माहीत होतं ते तिने केलं. बादली आली. टायर, रिम, स्पोक, चेन, सगळं पुसलं गेलं. नंतर मला एका जवानाने सांगितलं की त्यांनी ब्रेकचे पॅडही पुसले, कारण त्यांच्यावर धूळ दिसत होती.

मी परत आलो तेव्हा सायकली कमानीखाली रांगेत उभ्या होत्या. बँड वाजत होता. त्या रांगेजवळ जायची परवानगी जनरल साहेब आणि फोटोग्राफर यांनाच होती. जनरल साहेबांनी एका चेनकडे बोट दाखवून कमांडिंग ऑफिसर साहेबांना म्हटलं, "गुड मेंटेनन्स." मग भाषण झालं. साहस या विषयावर होतं. ज्यांना साहस करायचं होतं ते तेवढा वेळ सावधानमध्ये उभे होते. मग फुगे सोडले, हिरवा झेंडा हलला, आणि आठ सायकली निघाल्या.

सर्वांत पुढे पराते. त्याच्या सायकलच्या मागच्या कॅरिअरला वेल्डरने एक दांडा बसवला होता, त्यावर बटालियनचा झेंडा. झेंड्याची सायकल ती एकच. मी मागे जिप्सीत, ड्रायव्हर यादवच्या शेजारी. आमच्या मागे सामानाचा वन-टन ट्रक, त्यात वायरलेस सेट घेऊन कॅप्टन साहेब.

पहिला टप्पा चढाचा होता. चढावर ब्रेक कोणी वापरत नाही. वरच्या खिंडीत चहाचा हॉल्ट होता, तिथून सगळा उतार, खाली गावापर्यंत. खाली शाळेच्या मैदानावर दुसरी कमान, मुलं, चीफ गेस्ट.

हॉल्टवर पराते माझ्याकडे आला. पँटच्या उजव्या पायावर काळे ठिपके होते.

"उस्ताद, चेन थुंकून राहिली."

मी वाकून चेनला हात लावला. बोट काळं झालं. मग रिमला लावला. मग पॅडला. मग दुसऱ्या सायकलीकडे गेलो, तिसऱ्या. आठही तशाच.

मी कॅप्टन साहेबांना बोट दाखवलं. ते तरुण होते, चांगले होते, ऐकून घेणारे होते.

"सर, ब्रेक को तेल लगा है. ऐसे नीचे नहीं जा सकते."

"कितना टाइम लगेगा?"

"रिम पेट्रोल से धोना पडेगा. पॅड को काचकागद से घिसना पडेगा, एक-एक. डेढ घंटा."

त्यांनी लगेच सेट हातात घेतला.

"टायगर, स्पॅरो बोल रहा हूँ. मूव्ह में डेढ घंटा देर होगी. ब्रेक में तेल है. ओव्हर."

खरखर आली, मग खाली शाळेच्या मैदानावरच्या सेटवरून उत्तर आलं.

"स्पॅरो, निगेटिव्ह. चीफ गेस्ट पोजिशन में हैं. बच्चे धूप में खडे हैं. आधा घंटा. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

खाली ऊन होतं. आमच्याकडे खिंडीत धुकं चढत होतं.

आम्ही कामाला लागलो. पेट्रोल होतं, चिंध्या होत्या. काचकागद मात्र पंक्चरच्या डब्यातला, दोन बोटांएवढा. जवान रिम पुसत होते, मी पॅड काढून घासत होतो. वरचा चकाकणारा थर जाईपर्यंत, खालचं खरबरीत रबर दिसेपर्यंत. पराते मदतीला नव्हता. फोटोग्राफर त्याला झेंड्याच्या सायकलसह कड्याच्या टोकावर घेऊन गेला होता, मागे डोंगर येतील म्हणून. ती सायकल परत आली तेव्हा पाच झाल्या होत्या आणि काचकागद गुळगुळीत झाला होता.

मी तिचे रिम पेट्रोलने दोनदा धुतले. पॅड दगडावर घासायला घेतले. तेवढ्यात सेट बोलला.

"स्पॅरो, मूव्ह कन्फर्म करो. ओव्हर."

"टायगर, पाच सायकलें तैयार हैं. तीन गाडी में आएंगी. ओव्हर."

"रॉजर. फ्लॅग सायकल लीड करेगी. कन्फर्म करो. ओव्हर."

कॅप्टन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हवालदार, उसका क्या है?"

"रिम साफ है सर. पॅड पूरा नहीं."

"फ्लॅग दूसरी सायकल पे?"

"वेल्डिंग है सर."

परातेने सायकल हातात घेतली, सपाटीवर थोडी चालवली, दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. पुन्हा चालवली, पुन्हा थांबली.

"लागून राहिला उस्ताद," तो मला म्हणाला, आणि कॅप्टन साहेबांना, "लग रहा है साब."

"सबसे आगे, सबसे धीरे," कॅप्टन साहेब म्हणाले. "कोई पराते को ओव्हरटेक नहीं करेगा."

"साब."

मी विचारून जिप्सी त्याच्या लगेच मागे घेतली. बाकीचे सायकलवाले आमच्या मागे. सेटवर 'कन्फर्म' गेलं.

पहिली वळणं नीट गेली. पराते दर वळणाआधी ब्रेक दाबत होता, सोडत होता. यादवने स्पीडोमीटरकडे पाहून सांगितलं की गाडी दुसऱ्या गिअरमध्येही पुढे जाते, पहिल्यात टाकावी लागतेय. म्हणजे परातेचा वेग इतका कमी होता. मग आम्ही धुक्यात शिरलो. रस्ता ओला झाला. रिमही ओले झाले असणार.

पॅडच्या रबरात शिरलेलं तेल तिथेच असतं. कोरड्या सपाटीवर ते गप्प बसतं. ओलं झालं, दाबलं, तापलं की बाहेर येतं. ज्यांना वाटतं की पुसलं म्हणजे गेलं, त्यांच्यासाठी हे वाक्य लिहिलं आहे. तेल लागलेला पॅड बदलायचा असतो.

चौथ्या की पाचव्या वळणानंतर पराते ओरडला. मागे न पाहता, पण मला.

"उस्ताद, लागून नाही राहिला गा."

आवाज घाबरलेला नव्हता. चेन थुंकते आहे हे ज्या आवाजात सांगितलं, तोच आवाज होता.

"पाय टेकव," मी ओरडलो. त्याने डावा पाय रस्त्यावर टेकवला. बुटाचा तळवा घासत गेला. वेग थोडा कमी झाला, मग उतार वाढला आणि वेगही वाढला. मी यादवला पुढे काढायला सांगितलं, आडवी घालायला. रस्ता जेमतेम दीड गाडीचा होता, पुढे निघायला जागा नव्हती. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी.

"डोंगराकडे घे, पराते. उजवीकडे."

तो उजवीकडे वळला. डोंगराच्या कडेला नाली होती, सायकल तिथे घातली असती तर हाडं मोडली असती, बाकी काही नाही. त्याच वेळी पुढच्या वळणातून एक जीप वर आली. गावातली प्रवासी जीप, आत आणि टपावर माणसं. ती आमच्या उजवीकडच्याच बाजूने येत होती, तिचीच बाजू होती ती.

परातेने सायकल पुन्हा डावीकडे घेतली.

मी जे पाहिलं ते एवढं. त्याचे दोन्ही हात ब्रेकवर होते. दोन्ही लिव्हर मुठीपर्यंत दाबलेले होते, त्यापुढे दाबायला जागा नव्हती. चाक फिरत होतं. जीप त्याच्या उजव्या हाताने गेली, तिला धक्का लागला नाही. त्यानंतर वळण होतं आणि तो त्या वळणाला नव्हता.

आम्ही दोर लावून खाली उतरलो. जास्त खोल नव्हतं. त्याचा श्वास चालू नव्हता.

वर कॅप्टन साहेब सेटवर होते.

"टायगर, स्पॅरो. वन मॅन डाऊन. ओव्हर."

तिकडे बँड वाजत असावा, किंवा कोणी ऐकलं नसावं.

"स्पॅरो, फ्लॅग सायकल की लोकेशन बताओ. ओव्हर."

कॅप्टन साहेबांनी दरीत पाहिलं आणि लोकेशन सांगितली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी साक्षीदार होतो, यादव होता. यादवने शेवटी काटा तीसच्या आसपास होता असं सांगितलं, आणि ते खरं होतं. अध्यक्षांनी मला विचारलं, त्या वळणासाठी ही गती जास्त होती का. मी म्हणालो, ब्रेक लागत नसेल तर कुठलीही गती जास्तच असते, सर. कागदावर उतरलं ते असं: साक्षीदाराला मान्य आहे की गती जास्त होती. मी दोन्ही लिव्हरचं सांगितलं, जीपचं सांगितलं. तेही लिहून घेतलं. सुभेदार मेजर साहेब स्वतःहून उभे राहिले आणि म्हणाले, "बाल्टी मैंने मंगवाई थी." तेही लिहून घेतलं. निष्कर्षात यातलं काही आलं नाही. निष्कर्षात 'अतिवेग' आला. मी बरंच वाचलेलं आहे, पण इतका छोटा सारांश दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्याचं पार्थिव नागपूरला दुसरे लोक घेऊन गेले. मला चौकशीसाठी ठेवून घेतलं होतं. पुढे बदल्या झाल्या, मी निवृत्त होऊन हुडकेश्वरला राहायला आलो. परातेच्या घरी एकदा गेलो होतो, चहा घेतला. त्याच्या वडिलांनी काही विचारलं नाही. त्यांना सगळं कळवलेलं असणार असं मी धरून चाललो.

यंदा मंडळाने राइड ठरवली. मंडळाचे सचिव घाटे, निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी टी-शर्ट, बॅनर, ढोल-ताशा आणि शहिदाच्या वडिलांच्या हस्ते झेंडा, असा कार्यक्रम आखला. पत्रकाचा नमुना मला दाखवला. फोटोखाली ती ओळ होती.

"ही काढा," मी म्हणालो.

"अहो, अहवालातच आहे. तेव्हा पेपरातही तेच आलं होतं."

"मी त्याच्या मागच्या गाडीत होतो."

"तुमचं बरोबर असेल हवालदार साहेब. पण तरुण पोरांना मेसेज जातो ना. वेग हा चांगला मेसेज आहे."

"तेल हाही मेसेज आहे."

"तेलाला कोण घाबरतं हो?"

मग घाटे म्हणाले, "घरच्यांनी ओळ मान्य केलेली आहे. त्याच्या वडिलांना वाचून दाखवली. ते नको म्हणाले तर काढतो. आणि तुम्ही तो तेलाचा लेख द्या. तांत्रिक लिहा, भावनिक नको."

मला भावनिक लिहिता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

रविवारी सकाळी परातेच्या घरी गेलो. पराते काकाजी, सुधाकरचे वडील, आता काम करत नाहीत. बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते. आत काकू, त्याची आई, भाजी चिरत होत्या. मी पत्रकाचं विचारलं.

"आयकली ते ओळ," काकाजी म्हणाले. "खरीच आहे ते. तो लहानपणापासून सुसाटच चालवे. गांधीबागेतून येताना सगळे मले सांगत, तुमचा पोट्टा मरते एखाद दिवशी. मी किती बोललो त्याले."

"तुम्हाला कोणी सांगितलं, तो वेगात होता म्हणून?"

"साहेब आले होते ना. कागद आला. त्यात होतं. मी त सगळ्यायले तेच सांगतो भाऊ. दुसऱ्याच्या पोट्ट्यायले तरी अक्कल येईन."

मी त्यांना जे वर लिहिलं ते सांगितलं. बादलीचं, पॅडचं, धुक्याचं, जीपचं. तेल कुठे लागलं हे दाखवायला कोपऱ्यात उभी असलेली नातवाची सायकल मधे घेतली आणि रिमवर बोट ठेवलं.

"दोन्ही दाबले होते?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. मुठीपर्यंत."

"पुरे?"

"पुरे. मी पाहिले."

"अन् त्या जीपीतल्या लोकायले काही नाही झालं?"

"काही नाही. नालीत चाक घालून आमच्या शेजारून ते पुढे निघून गेले. धुक्यात त्यांना कळलंही नसेल."

काकाजींनी हात लांब करून सायकलचा ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

"ते ओळ काढा म्हणा," ते म्हणाले. मग आत तोंड करून हाक मारली, "आयकलं काय वं? पोरगं हळू होतं."

सुरीचा आवाज थांबला. काकू दारात आल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले.

"मी त सांगतच होती तुमाले," त्या म्हणाल्या. "तुमीच कागदाचं धरून बसले." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गल्लीत तवा माग होते. सकाळी गल्लीभर ताणा लावला राहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सूतच सूत. दुसरे पोट्टे सायकल वाकवून खालून काढत. सुधाकर उतरे. सायकल हातात धरे अन् भिंतीभिंतीनं पायी जाये. सूत तुटलं त बाबाचा दिवस जाते म्हणे."

काकाजी खाटेवर सरकून नीट बसले.

"हो," ते म्हणाले. "उतरे तो."